नाभीय अंतर

झोडापे सरांकडे एकच अंतर्गोल आरसा होता,
कडेला टवका उडालेला.
मफलरात गुंडाळून ते तो रोज घरी न्यायचे,
कारण प्रयोगशाळेच्या कपाटाला
कुलूप होतं, दार नव्हतं.

वाठोड्याच्या शाळेत दहावीला आम्ही अकराच.
फेब्रुवारी. खोलीभर अंधार,
एकच खिडकी उघडी,
तिच्याकडे तोंड करून आरसा,
आरशापुढे जुन्या हजेरीपटाची कोरी बाजू
माझ्या हातात.
"पुढं घे. थोडं मागं. अजून, नखभर."
आणि कागदावरच्या शेंदरी डागाला
हळूहळू फांद्या फुटल्या.

पळस.
करंगळीएवढा. उलटा.
जमीन वर टांगलेली, आभाळ खाली सांडलेलं,
आणि बुडाशी बांधलेली कोंडबाची बकरी
ज्वारीच्या दाण्याएवढी,
तिकडे डावीकडे सरकली
की माझ्या कागदावर उजवीकडे.
कुणी बोललं नाही.
रोज जिच्या लेंड्या तुडवत शाळेत यायचो
ती बकरी
अशी अंधारात आली होती.

सरांनी पट्टी लावली. एकोणीस सेंटिमीटर.
माझी एक वीत.
"हे नाभीय अंतर."
माणिक वरठी मागून म्हणाला,
"सर, नाभी म्हंजे बेंबी ना?"
सगळे हसले. सर नाही.
"व्हय," म्हणाले,
"जिथं सगळे किरण येऊन भेटतात, ते."

मग मेणबत्ती आरशाच्या अगदी जवळ नेली.
ज्योत मोठी झाली, सुलटी, सुंदर,
आरशाच्या आत कुठंतरी.
"आता धर पडद्यावर."
पडदा कुठंही धरा, सापडेना.
दुर्गा मडावीनं तर आरशाच्या मागं
हात घालून पाहिला.

त्या संध्याकाळी माय
वरच्या मोहल्ल्यातलं बाळंतपण उरकून आली होती,
न्हाणीत कोपरापर्यंत हात घासत होती.
मी सांगितलं: खरी प्रतिमा असते ना माय,
पडद्यावर धरता येणारी,
ती उलटीच असते. सुलटी ती आभासी.
ती म्हणाली, "मंग? उलटंच येते.
डोकं खाली.
पोटात सरळ बसून राह्यते ना,
त्याचंच भेव वाटते मले."
पाणी ओतलं, हात झटकले.
"बकरी कोनाची म्हनली तू?"

गणितात मात्र अडले.
वस्तूचं अंतर नेहमी ऋण लिहायचं.
का?
"आरशाच्या डावीकडं असते म्हणून."
एवढंच?
"एवढंच. चिन्हाचा संकेत आहे, पोरी."
मी वही मिटली. माझा त्यावर
बरीच वर्षं विश्वास बसला नाही.
मग एकदा कळलं, कुठल्याही आरशापुढे
उभं राहायचं तर
आधी कुणाचं तरी ऋण असतंच.

अमरावतीला शिकायला निघाले तेव्हा
ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली.
बाहेरच्या बहिर्गोल आरशात माय,
थांब्यावर, डोळ्यांवर हात धरून,
सुलटी, लहान, आणखी लहान.
सूत्र पाठ होतं:
वस्तू कितीही लांब जावो,
प्रतिमा नाभीच्या पलीकडे जात नाही.
म्हणजे ती आर्णीपर्यंत दिसायला हवी होती.
विटाभट्टीजवळ वळण आलं
आणि आरशात नुसत्या तुराट्या.
वळणाचं सूत्रात काही नाही.

आता माझ्या कपाटाला दार आहे,
सहा आरसे, चार भिंगं, पावती फाईलला.
माय जाऊन तीन उन्हाळे झाले.
हातमोजे घालणाऱ्या सिस्टर आल्या तेव्हाच
तिला बोलावणं थांबलं होतं,
तरी रात्री कुणी दार वाजवलं
की ती आधी नखं बघायची.

आज पहिल्या बाकावरची एक पोरगी विचारते,
अनंत अंतर म्हणजे किती, मॅडम?
मी खिडकी उघडते.
कागद तिच्या हातात देते.
तिचा हात थरथरतो, सगळं पुसट होतं,
पुन्हा जुळतं, पुन्हा पुसट.
काय दिसतंय?
"काहीतरी येऊन राह्यलं, मॅडम.
पण उलटं."

येऊ दे.